'चालेल' या शब्दावर निर्णय घेऊ नका

प्रश्न : नमस्कार ताई. आम्ही मूळचे साताऱ्याचे, गेली पंधरा वर्षं कॅलिफोर्नियात सनीव्हेलला भाड्याच्या घरात राहतो. आमचं ग्रीन कार्ड झालेलं आहे. लेक यंदा बारावीत आहे. यूसी सॅन डिएगोला (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या सॅन डिएगो कँपसला) बायोलॉजीला तिला प्रवेश मिळाला. पुढे डॉक्टर व्हायचं तिच्या मनात आहे. मागच्या ऑक्टोबरात ह्यांची नोकरी गेली. फेब्रुवारीत काँट्रॅक्टवर काम मिळालं, पण पगार निम्म्यावर आला. मी एका प्रीस्कूलमध्ये अर्धवेळ काम करते. दोघांचं मिळून वर्षाला १ लाख ९ हजार डॉलर येतात, त्यातले ४३ हजार भाड्यात जातात. सॅन डिएगोचा खर्च, थोडी स्कॉलरशिप वजा जाता, वर्षाला ४० हजार डॉलर आहे. तिच्या नावाच्या ५२९ या शिक्षण-बचत खात्यात २२ हजार आहेत. धाकटा सातवीत आहे. हे म्हणतात, पालकांच्या नावावरचं कर्ज काढू, ४०१के हे निवृत्तीचं खातं मोडू, पण पोरीला पाठवू. मला वाटतं, दोन वर्षं इथल्या स्वस्त कम्युनिटी कॉलेजात, डी अँझाला, जाऊ दे, मग युनिव्हर्सिटीत ट्रान्सफर घेऊ दे. रात्री आमची बोलणी तिने ऐकली असावीत. सकाळी म्हणाली, "आई, मला डी अँझा चालेल," आणि खोलीत निघून गेली. १ मेच्या आत सांगायचं आहे. सासूबाई दर रविवारी फोनवर विचारतात, "मग कुठल्या युनिव्हर्सिटीत?" काय करू? – एक आई

उत्तर :

तुमच्या पत्रात आकडे बरेच आहेत आणि त्यांच्याकडे मी येणारच आहे, पण वाचताना मी थांबले ती 'चालेल' या एका शब्दावर. आपल्या मराठी घरांत हा शब्द फार स्वस्तात वापरला जातो. जेवायला काय करू? काहीही चालेल. कुठला रंग घेऊ? कुठलाही चालेल. अठरा वर्षांच्या मुलीने आईबापाचं रात्रीचं बोलणं भिंतीपलीकडून ऐकून सकाळी म्हटलेलं 'चालेल' मात्र वेगळं असतं. तिने निर्णय घेतलेला नाही. तुमच्या अंगावरचं ओझं थोडं कमी व्हावं म्हणून तिने स्वतःचं मन बाजूला ठेवलंय. त्या शब्दाला होकार समजून तुम्ही डी अँझाचा अर्ज भरलात, तर कॉलेज कितीही चांगलं असलं तरी तिच्या लेखी ती शिक्षाच राहील.

मी बे एरियातल्याच एका कम्युनिटी कॉलेजात एकोणीस वर्षं गणित शिकवलं. तिथे येणाऱ्या मुलांत दोन प्रकार मला पहिल्या आठवड्यातच ओळखू यायचे. काही मुलं 'आलेली' असायची आणि काही 'पाठवलेली'. हुशारी दोघांकडे सारखीच असे. पण पाठवलेली मुलं पार्किंगमध्ये गाडीत बसून राहायची, वर्गात कोणाशी बोलायची नाहीत, काउन्सेलरची वेळ घ्यायची नाहीत, कारण त्यांच्या मते ती इथे नव्हतीच, दोन वर्षं कशीतरी काढत होती. आणि ट्रान्सफरचा रस्ता असा आहे की ज्याचं त्यावर लक्ष नाही त्याला तो सापडत नाही. त्यामुळे माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगते. तुमच्या आजच्या आकड्यांवर मलाही डी अँझा बरोबर वाटतं. पण दोन अटींवर. सॅन डिएगोकडे एकदा नीट मागून पाहिलेलं असलं पाहिजे, आणि सगळे आकडे लेकीसमोर मांडून तिने स्वतः ठरवलेलं असलं पाहिजे.

आधी मागण्याबद्दल, कारण त्याला मुदत आहे.

सॅन डिएगोने तुम्हाला जी मदत देऊ केली आहे ती कुठल्या उत्पन्नावर? २०२६-२७ च्या फॅफ्सात, म्हणजे सरकारी शैक्षणिक मदतीच्या अर्जात, २०२४ सालचं उत्पन्न धरलं जातं. २०२४ मध्ये तुमच्या यजमानांचा पूर्ण पगार चालू होता. म्हणजे आज जे घर कॉलेजला दिसतंय ते तुमचं दोन वर्षांपूर्वीचं घर आहे. नोकरी गेलेल्या कितीतरी घरांत हे लक्षातच येत नाही. ऑफर लेटरमधला आकडा शेवटचा समजून लोक गप्प बसतात. तो शेवटचा नसतो. कॉलेजच्या आर्थिक मदत कार्यालयाला अमेरिकेच्या कायद्यानेच अधिकार दिलेला आहे की कुटुंबाची परिस्थिती बदलली असेल तर कागदपत्रं पाहून उत्पन्नाचा आकडा बदलावा आणि मदत पुन्हा मोजावी. त्याला 'प्रोफेशनल जजमेंट' म्हणतात. ही भीक नाही आणि वशिलाही नाही. दरवर्षी हजारो कुटुंबं हा अर्ज करतात.

काय पाठवायचं? कामावरून कमी केल्याचं पत्र, जुन्या नोकरीची शेवटची पे-स्लिप, बेकारी भत्ता घेतला असेल तर त्याचा हिशोब, नव्या काँट्रॅक्टचं पत्र आणि सोबत एक पानाचं साधं निवेदन. निवेदनात रडगाणं नको. ऑक्टोबरात काय झालं, आज महिन्याला काय येतं, त्यातलं भाड्यात किती जातं, एवढंच. हे उद्याच करा. कॅलिफोर्नियाची मिडल क्लास स्कॉलरशिपही फॅफ्सातल्या आकड्यांवरच ठरते, त्यामुळे आकडा सुधारला तर तिचीही चौकशी करा.

उत्तर १ मेपर्यंत येईलच असं नाही, या कामाला आठवडे लागतात. मग काय करायचं? यूसीची जागा धरून ठेवायला २५० डॉलर भरावे लागतात आणि ते परत मिळत नाहीत. तरी भरा. एवढ्या मोठ्या निर्णयाला महिनाभराची उसंत मिळण्यासाठी २५० डॉलर महाग नाहीत. शेवटी डी अँझाच ठरलं तर ते बुडतील. बुडू द्या. त्याच दिवशी डी अँझाचाही अर्ज भरून टाका, त्याला फी लागत नाही आणि तिथे प्रवेश नाकारलाही जात नाही. एक मात्र पक्कं ध्यानात ठेवा. दोन वर्षं दुसरीकडे शिकून येते, तोवर जागा ठेवा, असं यूसीत चालत नाही. ही जागा सोडली की सुटली.

आता हिशोब. हा मी तुमच्यासाठी मांडतेय, पण वाचायचा तुम्ही तिघांनी जेवणाच्या टेबलाशी बसून.

सॅन डिएगो चार वर्षं, दरवर्षी ४० हजार, म्हणजे १ लाख ६० हजार. राहण्या-खाण्याचा खर्च दरवर्षी वाढतो, तो तूर्त सोडून देऊ. खात्यातले २२ हजार वजा. लेकीच्या स्वतःच्या नावावर सरकारी कर्ज मिळतं ते पहिल्या वर्षी ५,५००, दुसऱ्या वर्षी ६,५०० आणि पुढची दोन वर्षं ७,५०० प्रत्येकी, मिळून २७ हजार. तेही वजा केलं तर उरतात १ लाख ११ हजार. हे तुम्ही दोघांनी आणायचे.

यजमान म्हणतात ते पालकांचं कर्ज म्हणजे पॅरेंट प्लस. इथे एक गोष्ट नुकतीच बदलली आहे. १ जुलै २०२६ पासून नव्याने घेणाऱ्यांना हे कर्ज एका मुलामागे वर्षाला जास्तीत जास्त २० हजार आणि एकूण ६५ हजारच मिळेल. पूर्वी कॉलेजचा उरलेला सगळा खर्च त्यातून उचलता यायचा. म्हणजे त्यांच्या बेताप्रमाणे गेलं तरी ४६ हजारांचा खड्डा उरतोच, आणि तो कधी दिसेल? दुसऱ्या वर्षापासून, लेक तिथे रुळलेली असताना. शिवाय या नव्या पालक-कर्जाला उत्पन्नाप्रमाणे हप्ता कमी करून घेण्याची सोय नाही. काँट्रॅक्टवर काम करणाऱ्या माणसाने असं कर्ज घेऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

आणि ४०१के तर मोडूच नका. साडेएकोणसाठ वर्षांच्या आत काढलं तर कर भरून वर १० टक्के दंड, मुलांच्या शिक्षणासाठी काढलं तरी. फॅफ्सा निवृत्तीच्या खात्यातली शिल्लक मोजत नाही, पण ती काढली की ते उत्पन्न म्हणून दिसतं आणि पुढे मदत आणखी कमी होते. बापाच्या मायेने उचललेलं हे पाऊल लेकीच्याच मदतीवर पडतं.

दुसरी बाजू. डी अँझात कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना एका क्वार्टर युनिटला (क्वार्टर म्हणजे सुमारे तीन महिन्यांचं सत्र) ३१ डॉलर फी आहे. ट्रान्सफरसाठी ९० युनिट्स लागतात, म्हणजे दोन वर्षांची फी २,७९० डॉलर. वर आरोग्य शुल्कासारखी किरकोळ आकारणी. पहिल्यांदाच पूर्णवेळ शिकायला येणाऱ्यांना बऱ्याच कम्युनिटी कॉलेजांत दोन वर्षं फी माफीही मिळते, त्याची चौकशी करा. पुस्तकं, बस किंवा पेट्रोल, बाहेरचं खाणं धरून वर्षाला पाच-सहा हजार समजा आणि ते महिन्याच्या खर्चातून भागवा. मग पुढची दोन वर्षं यूसीत ८० हजार. खात्यातले २२ हजार अजून शाबूत, तिचं दोन वर्षांचं कर्ज १५ हजार. उरले ४३ हजार. १ लाख ११ हजार कुठे आणि ४३ हजार कुठे! शिवाय ते दोन वर्षांनी लागणार. २०२८-२९ च्या फॅफ्सात कुठलं वर्ष मोजलं जाईल? २०२६. म्हणजे तुमचं यंदाचं हे तोकडं उत्पन्न तेव्हा कामाला येईल.

तिसरी वाट बहुतेकांना सुचत नाही, म्हणून सांगते. तिने एपीचे, म्हणजे हायस्कूलमध्येच करायचे कॉलेजच्या पातळीचे, किती विषय केलेत, हे तुम्ही लिहिलं नाही. बे एरियातल्या मुलांचे चार-पाच तरी असतात. यूसीत एपीच्या परीक्षेत ३ किंवा जास्त गुण असले तर साधारण ८ क्वार्टर युनिट्स मिळतात. डिग्रीला १८० लागतात. पाच विषय म्हणजे ४० युनिट्स, जवळजवळ एक वर्ष. त्या युनिट्सनी मेजरचे (डिग्रीच्या मुख्य शाखेचे) सगळे विषय सुटत नाहीत, बायोलॉजीत तर रसायनशास्त्राची साखळी असतेच, पण उन्हाळ्यात डी अँझातच एकदोन विषय केले तर तीन वर्षांत डिग्री हातात येऊ शकते. बारावीनंतरच्या उन्हाळ्यात असे विषय केल्याने फ्रेशमनची, म्हणजे पहिल्या वर्षाची, जागाही जात नाही. तीन वर्षांचे १ लाख २० हजार, वजा २२, वजा साडेएकोणीस हजार कर्ज, उरतात साडेअठ्ठ्याहत्तर हजार. आजच्या आकड्यांवर हेही तुम्हाला जड आहे. पण मदत पुन्हा मोजून घेण्याच्या अपीलमधून काही आलं तर हाच हिशोब बदलतो.

म्हणून माझी रेघ मी स्पष्ट आखून देते. अपीलनंतर वर्षाचा आकडा २५ हजारांवर किंवा खाली आला, तर पोरीला सॅन डिएगोला पाठवा, जमलं तर तीन वर्षांचा बेत करून. तेव्हा तुमच्या वाट्याला महिन्याला हजार डॉलरच्या आसपास येतील. ती उन्हाळ्यात काम करेल, तुम्ही ओढाताण कराल, पण निभेल. आकडा ३५ हजारांच्या वर राहिला, तर डी अँझा. मधे कुठेतरी अडकला, तर लेकीच्या मनाचा कौल घ्या.

डी अँझा ठरलं तर पुढचं वाचा, कारण इथे मला काळजी आहे.

कम्युनिटी कॉलेजचे गोडवे गाणारे एक आकडा सांगत नाहीत. देशभरात इथे येणाऱ्या दहातली आठ मुलं म्हणतात, आम्हाला पुढे चार वर्षांची डिग्री घ्यायची आहे. सहा वर्षांत ती डिग्री प्रत्यक्ष हातात पडते शंभरातल्या सोळांच्या. २०२४ मध्ये आलेल्या देशव्यापी अहवालातला हा आकडा आहे. मी शिकवत होते तेव्हा असा अहवाल वाचायची गरजच नव्हती, वर्गातल्या रिकाम्या होत जाणाऱ्या खुर्च्या दिसायच्या. बुद्धी कमी पडते म्हणून मुलं गळत नाहीत. कोणाला कामाचे तास वाढवावे लागतात, कोणाच्या घरी आजारपण येतं, आणि पुष्कळ जण चुकीचे विषय घेऊन बसतात. माझ्या वर्गातला एक मुलगा मला अजून आठवतो. इंजिनिअरिंगला जायचं होतं, पण संध्याकाळच्या नोकरीत बसेल म्हणून त्याने कॉमर्सच्या मुलांसाठी असलेलं कॅल्क्युलस घेतलं. नावात कॅल्क्युलस होतं ना! दीड वर्षाने कळलं की इंजिनिअरिंगला ते चालत नाही. पुन्हा पहिल्यापासून. तोवर त्याचे मित्र पुढे गेले होते. तो परत आला नाही. त्याला वेळेवर कोणी सांगितलं नाही याचं मला आजही वाईट वाटतं, आणि त्या 'कोणी'त मी पण येते.

तुमच्या लेकीचं असं होऊ नये म्हणून पहिल्या क्वार्टरच्या आधी तिने असिस्ट नावाची सरकारी वेबसाइट उघडायची. फुकट आहे. डी अँझातला कुठला विषय यूसीच्या कुठल्या कँपसला कुठल्या मेजरसाठी धरला जातो, ते तिथे विषयवार लिहिलेलं असतं. बायोलॉजीवाल्यांना रसायनशास्त्राचे तीन क्वार्टर, बायोलॉजीचे तीन क्वार्टर आणि गणित, आणि बहुधा ऑरगॅनिक केमिस्ट्रीही लागते. हे विषय एकामागून एकच घ्यावे लागतात, आगगाडीच्या डब्यांसारखे. पहिल्या सप्टेंबरातला रसायनशास्त्राचा वर्ग हुकला तर दोन वर्षांची तीन होतात, आणि मग सगळा हिशोब कोसळतो. नव्या मुलांना नावनोंदणीची तारीख उशिरा मिळते, पण ओरिएंटेशन आणि काउन्सेलरबरोबर शिक्षणाचा आराखडा आधी पूर्ण केला तर ती अलीकडे येते. म्हणून हे सगळं जूनमध्ये उरकायचं, सप्टेंबरात नाही. सामान्य शिक्षणाचे विषय, म्हणजे इतिहास, इंग्रजी, कला वगैरे, हे मागेपुढे झाले तरी चालतात. विज्ञान आधी.

मग टॅग. यूसीच्या सहा कँपसना कम्युनिटी कॉलेजच्या मुलांना ट्रान्सफरची हमी देण्याची योजना आहे : डेव्हिस, अर्व्हाइन, सँटा बार्बरा, सँटा क्रूझ, रिव्हरसाइड आणि मर्सेड. ठरलेले विषय आणि ठरलेले गुण असले की जागा पक्की. नावं पुन्हा वाचा. त्यात सॅन डिएगो नाही. बर्कली आणि लॉस एंजलिसही नाहीत. म्हणजे 'दोन वर्षं डी अँझा आणि मग परत आपलं सॅन डिएगो' असं कोणी तिला सांगत असेल तर ते तिची समजूत घालत आहेत. सॅन डिएगोला ट्रान्सफरचा अर्ज करता येतो, मुलं जातातही, पण तिथे हमी नाही. हे तिला आत्ताच कळायला हवं. डेव्हिसची जागा तिला आतून पटते का, हे तिने एकदा तिथे जाऊन बघावं. सनीव्हेलहून दोन तासांवर तर आहे, आणि जीवशास्त्रासाठी ते कॅलिफोर्नियातल्या उत्तम ठिकाणांपैकी एक आहे. २०२८ च्या फॉलला जायचं तर टॅगचा अर्ज २०२७ च्या सप्टेंबर महिन्यात भरायचा आणि यूसीचा मुख्य अर्ज नोव्हेंबरअखेरपर्यंत. कॅलेंडरवर आजच लिहून ठेवा.

डॉक्टर होण्याबद्दल. काही मेडिकल स्कूलना विज्ञानाचे मूळ विषय चार वर्षांच्या विद्यापीठात केलेले अधिक आवडतात. यावर उपाय इतकाच की यूसीत गेल्यावर वरच्या पातळीचे विज्ञानाचे विषय घेऊन त्यात चांगले गुण मिळवायचे. खरं नुकसान वेगळंच आहे. लॅबमध्ये संशोधनाला शिरायला, प्राध्यापकांनी ओळखायला, शिफारसपत्र लिहिण्याइतकं जवळ यायला तिला चारऐवजी दोनच वर्षं मिळतील. ते मी लपवणार नाही. पण मेडिकलच्या खर्चाकडेही बघा. १ जुलै २०२६ पासून मेडिकलसाठी नव्याने मिळणाऱ्या सरकारी कर्जाला वर्षाला ५० हजार आणि एकूण २ लाखांची मर्यादा आली आहे. खर्च त्याहून जास्त असतो. डॉक्टर व्हायचं असणाऱ्या मुलीने पहिल्या डिग्रीतच घर रिकामं केलं, तर खरी गरज लागेल तेव्हा हात कुठे घालायचा?

एक विषय कोणी बोलत नाही, तो मी बोलणार. मुलगी घरी राहून शिकणार म्हटल्यावर आपल्या घरांत काय होतं? "तू घरीच आहेस ना, धाकट्याला शाळेतून घेऊन ये." "दुपारी तुला क्लास नाही ना, कुकर लाव." पाहुणे आले की तीच. मुलगा घरी राहून शिकत असता तर हे निम्मंही झालं नसतं, हे तुम्हीही जाणता. क्वार्टरला पंधरा युनिट्स घेणारी मुलगी पूर्णवेळ विद्यार्थिनी असते, आणि वर्गाबाहेरचा अभ्यास वर्गातल्या तासांच्या दुप्पट धरतात. सॅन डिएगोच्या डॉर्ममधून तुम्ही तिला कुकर लावायला बोलावलं नसतं. मग इथेही बोलवू नका. घरातलं थोडंफार काम सगळेच करतात, तेवढं ती करेल. पण तिची वेळ ही राखीव मनुष्यबळ नव्हे. यजमानांशी बोलून हे आधी ठरवा आणि तिच्यासमोर बोलून दाखवा. रात्री उशिरा लायब्ररीतून येणं, मैत्रिणींबरोबर अभ्यास करणं, शनिवारी कँपसवर जाणं, हे तिला परवानगी न मागता करता यायला हवं. डॉर्ममध्ये राहून मुलं ज्या मोकळेपणाने मोठी होतात, त्यातला थोडा तरी मोकळेपणा तिला घरात मिळू दे. नाही तर ती दोन वर्षं हायस्कूलचंच तेरावं-चौदावं वर्ष होऊन बसतील.

थोडंसं काम मात्र तिने जरूर करावं, कॉलेजातच मिळालं तर उत्तम : शिकवणी केंद्रात, लायब्ररीत, लॅबमध्ये. आठवड्याला दहा-बारा तास. तुम्ही साताऱ्याचे, तुम्हाला कर्मवीर भाऊराव पाटलांची 'कमवा आणि शिका' योजना मी सांगायला नको. ज्या घराने ती परंपरा पाहिलीय त्या घरात शिकता शिकता काम करण्यात कमीपणा वाटायचं कारण नाही.

वाचकांपैकी ज्यांची मुलं एच-४ व्हिसावर (एच-१बीवर काम करणाऱ्यांच्या जोडीदाराला आणि एकवीस वर्षांखालच्या मुलांना मिळणाऱ्या) आहेत त्यांच्यासाठी दोन ओळी. तुम्हाला फॅफ्साची मदत आणि सरकारी कर्ज मिळत नाही, त्यामुळे वरचा अर्धा हिशोब तुम्हाला लागू नाही. पण कॅलिफोर्नियात एच-४ वर असतानाही रहिवासी म्हणून कमी फीला पात्र ठरता येतं, आणि मग कम्युनिटी कॉलेज तुमच्यासाठी आणखी मोलाचं होतं. मुलाच्या एकविसाव्या वाढदिवसाची तारीख मात्र वकिलाकडे वेळेत घेऊन जा.

आता राहिली लाज. तुम्ही तो शब्द लिहिला नाहीत, पण सासूबाईंचा प्रश्न लिहिलात. सातारा-सांगलीकडे दहावीनंतर पॉलिटेक्निकमध्ये डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला गेलेली मुलं घरोघरी आहेत. त्यांना कोणी कमी लेखत नाही, उलट "हाताला काम आहे पोराच्या" म्हणतात. हा रस्ता त्याच जातीचा आहे. शेवटी डिग्री मिळते ती यूसीचीच, तिच्यावर डी अँझाचं नाव नसतं. आणि असतं तरी काय बिघडलं? ॲपल ज्यांनी उभं केलं त्यातले स्टीव्ह वॉझ्निॲक तुमच्याच सनीव्हेलमध्ये वाढले. पहिलं वर्ष कोलोरॅडोला काढलं, परराज्यातली फी घरच्यांना जड होती, मग परत येऊन डी अँझात शिकले आणि तिथून बर्कलीला गेले. यजमानांना ही गोष्ट सांगा, इंजिनिअर माणसाला पटेल. कॅलिफोर्नियाने १९६० मध्ये उच्च शिक्षणाचा जो आराखडा केला, त्यात कम्युनिटी कॉलेजातून यूसीत जाण्याचा हा रस्ता मुद्दाम बांधलेला आहे. आजही दर दोन फ्रेशमनमागे एक ट्रान्सफर विद्यार्थी घ्यायचा, असं यूसीचं धोरण आहे. तुमची लेक मागच्या दाराने आत जाणार नाही.

यजमानांचं दुःख मला समजतं. नोकरी गेलेल्या बापाला लेकीची युनिव्हर्सिटी ही आपली राहिलेली शेवटची पत वाटते. "काहीही करून पाठवू" यातलं 'काहीही' तिथून येतं. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांना हिशोबाच्या टेबलाशी बसवा. आकडे त्यांनी स्वतः मांडले की ते स्वतःच थांबतील.

या शनिवारी तिघं बसा. धाकट्याला बाहेर खेळायला पाठवा. भाडं किती, पगार किती, खात्यात किती, सगळं तिला दाखवा. तिला अर्धं आधीच माहीत आहे, आणि जे माहीत नाही ते तिने मनात याहून भयंकर रंगवलं असेल. मग विचारा, पण "चालेल का" असं विचारू नका. "तुला काय हवंय?" असं विचारा आणि ती बोलेपर्यंत थांबा. ती रडेल कदाचित. सॅन डिएगो हवं होतं म्हणून रडली तर लगेच समजूत काढू नका, हातातली गोष्ट सुटताना रडू येणारच. रडून झाल्यावर तिने स्वतः असिस्ट उघडलं, डेव्हिसचं पान काढलं, की समजा गाडी रुळावर आली.

आणि रविवारी सासूबाईंचा फोन आला, त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, की उत्तर तुम्ही देऊ नका, यजमानांनीही देऊ नये. फोन लेकीच्या हातात द्या.